मूठभर ज्वारीची शिष्यवृत्ती
श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या इतिहासातील एक धागा

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली. १८७० साली खामगावचा फाटा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. वऱ्हाडच्या कापसाच्या गाठी मुंबई बंदरातून थेट विलायतेला जाऊ लागल्या. पापळच्या एका शेतकऱ्याचा मुलगा त्याच वाटेने विलायतेला निघाला, तेव्हा मात्र १९२० साल उजाडले होते. या दोन घटनांमधले अर्धे शतक वऱ्हाडच्या शेतकऱ्याने कशात घालवले आणि तो मुलगा परत आल्यावर त्याने काय केले, हा आमच्या संस्थेच्या जन्माचा इतिहास आहे.

संस्थेचा इतिहास साधारणपणे इमारतींच्या क्रमाने सांगितला जातो. कोणते हायस्कूल कधी निघाले, कोणते महाविद्यालय कोणत्या साली सुरू झाले, कोणत्या सभागृहाचे उद्घाटन कोणी केले, ही यादी महत्त्वाची आहेच. ती या स्मरणिकेत अन्यत्र येईल. इथे मला एकच धागा धरायचा आहे. गरिबाच्या पोराला खेड्यातून इंग्रजीपर्यंत आणि इंग्रजीतून पुढच्या जगापर्यंत कोणी नेले, आणि त्याचा खर्च कोणी उचलला? डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख यांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले ते शंभर वर्षांनंतरही जुने झालेले नाही, असे मला मनापासून वाटते.

त्या काळात होतकरू मुलाला परदेशी पाठवणारे दाते भारतात होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. जमशेटजी टाटांनी १८९२ सालीच परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ मदतीचा निधी उभारला होता. लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मांनी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या आणि त्यातल्याच एका शिष्यवृत्तीवर विनायक दामोदर सावरकर १९०६ साली विलायतेला गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक जातींची वसतिगृहे उघडून बहुजनांच्या मुलांना शहरात राहायला छप्पर दिले.

वऱ्हाडाला मात्र ना सयाजीराव होते, ना शाहू महाराज. हा मुलूख नावाला निजामाचा. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १९०२ च्या कराराने वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमचा त्यांच्याकडे गेला. पुढच्याच वर्षी तो मध्य प्रांताला जोडला गेला. निजाम हैदराबादेत, कमिशनर अमरावतीत, चीफ कमिशनर नागपुरात. प्रजेच्या मुलांच्या शिक्षणाची आपलेपणाने काळजी वाहणारा धनी यांत कोणीच नव्हता. सरकारने अमरावतीला आणि अकोल्याला हायस्कूल काढले होते, पण कॉलेज मात्र १९२३ साली अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघेपर्यंत साऱ्या वऱ्हाडात एकही नव्हते. मॅट्रिक झालेल्या मुलाने नागपूर गाठावे, नाहीतर पुणे, मुंबई.

अमरावती शहर काही मागासलेले नव्हते. दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी यांच्यासारखे नामांकित वकील इथे होते. डिसेंबर १८९७ मध्ये सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले विद्वान इथे इंग्रजीत बोलले आणि इंग्रजीत ठराव मांडून गेले. ज्या शेतकऱ्याच्या शेतसाऱ्याबद्दल त्या मांडवात कळकळीने बोलले गेले असेल, त्याला त्यातले अवाक्षर कळण्याची सोय नव्हती. बरोबर पुढच्या डिसेंबरात, २७ डिसेंबर १८९८ रोजी, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावी शामराव आणि राधाबाई देशमुखांच्या पोटी पंजाबरावांचा जन्म झाला.

त्या काळच्या शाळेची शिडी कशी होती, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. गावात शाळा असलीच तर ती प्राथमिक. पुढे मराठीतूनच शिकत राहणारा मुलगा व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत जाई आणि फार तर प्राथमिक शिक्षक किंवा पटवारी होई. त्यापलीकडे जायचे तर अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेत नाव घालावे लागे. तिथे इंग्रजी सुरू होई आणि इंग्रजी सुरू झाले तरच हायस्कूल, कॉलेज, वकिली, डॉक्टरकी यांची दारे किलकिली होत. अशा शाळा तालुक्याच्या किंवा व्यापाराच्या गावी असत. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाला भाषेसाठी घर सोडावे लागे. पंजाबरावांचे शिक्षण पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा लाड आणि अमरावतीचे हिंदू हायस्कूल असे झाले. ही गावे नकाशावर लांब नाहीत. पण पायी आणि बैलगाडीने चालणाऱ्या त्या दिवसांत प्रत्येक टप्पा म्हणजे नवे बिऱ्हाड होते.

आणि परगावी गेलेल्या मुलाने जेवायचे कुठे? ब्राह्मणाच्या गरीब मुलाला वार लावून जेवण्याची सोय होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे सात वार मिळाले की त्याचे वर्ष निभावून जाई. या प्रथेतून महाराष्ट्रातली कितीतरी कर्तबगार माणसे शिकली, हे मान्यच करायला हवे. पण वार जातीतल्या जातीतच लागत. कुणब्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या मुलाला शहरात जातीची शिकलेली घरेच सापडत नसत, आणि महाराच्या मुलाला तर ओसरीवरही कोणी उभे करत नसे. खेड्यातली मुले बुद्धीने कमी म्हणून शाळेतून गळत होती असे नव्हे. त्यांना शहरात रात्री पाठ टेकायला जागा नव्हती आणि दोन वेळची भाकरी नव्हती. भाऊसाहेबांना हे पुस्तकातून कळले नाही. ते स्वतः त्या वाटेने गेले होते.

मॅट्रिकनंतर ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले आणि पदवी पुरी होण्याआधीच १९२० साली विलायतेला निघाले. कोणत्याही संस्थानिकाचा हात पाठीवर नव्हता. वडिलांनी शेती गहाण टाकून पैसे उभे केले. शेतकऱ्याच्या घरात जमीन गहाण पडणे म्हणजे काय, हे वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला की तो बहुधा दोन पिढ्या पुसला जात नसे. पुढे १९३३ साली प्रांतात कर्ज लवादाचा कायदा आला, त्यामागे भाऊसाहेबांचा पुढाकार होता. ज्याच्या शिक्षणासाठी घरची जमीन गहाण पडली होती त्याच माणसाने हा प्रश्न हाती घ्यावा, यात मला फार मोठी संगती दिसते.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठात ते एम. ए. झाले. विषय कोणता घेतला? संस्कृत! तिथे आर्थर बेरिडेल कीथ हे त्या काळचे जगन्मान्य वेदपंडित संस्कृतचे प्राध्यापक होते. पापळच्या कुणब्याच्या मुलाने स्कॉटलंडच्या थंडीत, एका स्कॉटिश पंडिताच्या सान्निध्यात, इंग्रजीतून वेदांचा अभ्यास केला. याच काळात मायदेशी वेदोक्ताचा वाद अजून धगधगत होता आणि शूद्राने वेद ऐकावेत की नाही यावर मोठमोठी माणसे हातघाईवर येत होती. एडिंबरात त्यांना संस्कृतसाठीची व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळाली. पुढे ऑक्सफर्डमध्ये त्यांनी वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डी. फिल. मिळवली. तो प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ग्रंथरूपात छापला. त्याचबरोबर ते बॅरिस्टरही झाले. एडिंबरात भारतीय विद्यार्थ्यांची स्वतःची संघटना १८८३ पासून होती आणि परमुलखात आलेल्या तरुणांना तिचा आधार वाटे. अनोळखी शहरात आपल्या माणसांची एखादी बैठकीची जागा असली तर मुलगा किती लवकर रुळतो, हे तिथल्या प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याने अनुभवले असणार.

या सहा वर्षांच्या हिशेबातली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. भाऊसाहेबांना शिष्यवृत्ती मिळाली ती विद्यापीठात पोचल्यावर. पापळहून एडिंबरापर्यंतचा सगळा प्रवास मात्र गहाण पडलेल्या शेतीवर झाला. शिष्यवृत्त्यांचे तेव्हाही असेच होते आणि आजही बव्हंशी असेच आहे. त्या दारात उभ्या असलेल्याला मिळतात. दारापर्यंतच्या वाटेचा खर्च कोणी देत नाही, आणि गरिबाचा मुलगा नेमका त्या वाटेवरच थकतो. विलायतेतून परतल्यावर पाच-दहा हुशार मुलांना परदेशी पाठवण्यासाठी निधी काढणे भाऊसाहेबांना सहज शक्य होते. प्रतिष्ठाही मिळाली असती. त्यांनी ते केले नाही. ते वाटेकडे वळले.

१९२६ मध्ये ते परतले आणि त्याच सुमारास अमरावतीत छात्रालयाची जुळवाजुळव सुरू झाली. त्या वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाली. गुरुकुल कांगडी उभारणाऱ्या आणि अस्पृश्यता निवारणासाठी झटणाऱ्या या संन्याशाचे नाव छात्रालयाला देण्यात आले. श्रद्धानंद छात्रालयात जातीचा विचार न करता मुले घेतली जात. कुणबी, माळी, महार, तेली अशा सगळ्या घरांतली मुले एका पंगतीला बसत. १९२७ च्या अमरावतीत ही साधी गोष्ट नव्हती. याच दिवसांत शहरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला होता, बाबासाहेब आंबेडकर स्वतः अमरावतीच्या परिषदेला येऊन गेले होते, आणि मंदिर खुले व्हावे म्हणून भाऊसाहेब त्या चळवळीत उतरले होते. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर, मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी लग्न केले. या विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या. म्हणजे मंदिराच्या पायरीवर, घरच्या ताटावर आणि छात्रालयाच्या पंगतीत या माणसाचे वागणे एकच होते. संस्थेच्या इतिहासात मला याचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो.

छात्रालय चालले ते मुष्टिफंडावर. त्याची रीत अशी. घरातल्या बाईने रोज दळायला किंवा रांधायला धान्य काढताना त्यातून एक मूठ बाजूला, वेगळ्या मडक्यात टाकायची. वऱ्हाडात ही मूठ बहुतेक ज्वारीची. ठरल्या दिवशी कार्यकर्ता किंवा छात्रालयातलाच मुलगा पोते घेऊन दारी येई आणि मडके रिकामे करून नेई. एका मुठीचा घराला भार वाटत नाही, पण गावातल्या सगळ्या घरांची मूठ महिनाभर जमली की तिची पोती होतात. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनीही रयतेच्या वसतिगृहांसाठी मूठभर धान्याचाच आधार घेतला. पण वऱ्हाडच्या बाबतीत या मुठीला वेगळा अर्थ होता. बडोद्याला आणि कोल्हापुरात जे राजाच्या खजिन्यातून झाले, ते इथे चुलीपुढे बसलेल्या बाईच्या हातून झाले. त्या बाईला बहुधा लिहिता-वाचता येत नव्हते. तिचा स्वतःचा मुलगा कदाचित गुरे राखत होता. तिच्या मडक्यातल्या ज्वारीवर दुसऱ्या गावचा कोणी मुलगा अमरावतीत इंग्रजीची पहिली बाराखडी गिरवत होता. या देणगीदारांची नावे कोणत्याही संगमरवरी पाटीवर नाहीत. आमच्या संस्थेच्या पहिल्या देणगीदार त्याच आहेत, हे इथे स्पष्ट लिहून ठेवले पाहिजे.

या पद्धतीचा आणखी एक गुण होता. पैशाची देणगी देणारा विसरतो, रोज मूठ टाकणारे घर विसरत नाही. गावोगाव लोकांना छात्रालय आपले वाटू लागले. तिथले एक पोर मॅट्रिक झाले की ती बातमी ज्या गावांतून ज्वारी आली त्या सगळ्या गावांची होई. मग पुढच्या जूनमध्ये त्या गावातला एखादा बाप आपल्या मुलाचा हात धरून अमरावतीच्या रस्त्याला लागे.

१९२८ मध्ये भाऊसाहेब जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करणे आणि प्राथमिक शाळा वाढवणे यांवर त्यांनी भर दिला. १९३० मध्ये ते प्रांतिक कौन्सिलवर निवडून गेले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले. सरकारी शिक्षण खात्याच्या आतून त्यांना काय दिसले, ते त्यांच्या पुढच्या पावलावरून उमगते. १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. खात्याची सूत्रे हाती असतानाही त्यांना स्वतंत्र संस्थेची गरज वाटली, कारण सरकार शाळा काढते ती आधीच शिकणाऱ्यांच्या वस्तीजवळ, आणि जिथे अजून कोणी शिकलेलेच नाही तिथे शाळा न्यायची तर ती लोकांनाच न्यावी लागते.

संस्था वाढत गेली. अमरावतीत १९४६ मध्ये शिवाजी विज्ञान महाविद्यालय सुरू झाले. स्वातंत्र्याच्या आधल्या वर्षी, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी निघालेले पहिले मोठे महाविद्यालय विज्ञानाचे असावे, हा निर्णय फार दूरदृष्टीचा होता. कलाशाखा काढणे स्वस्त पडले असते. प्रयोगशाळा, उपकरणे, गॅसची जोडणी, रसायने या सगळ्यांचा खर्च नव्या संस्थेला जड जाणारा होता. पण वैद्यक, अभियांत्रिकी, शेतीशास्त्र यांचा रस्ता विज्ञानातून जातो, आणि विज्ञान शिकायचे म्हणजे इंग्रजी पाठ्यपुस्तकांशी झुंजायचे. नंतर अकोल्याला शिवाजी महाविद्यालय निघाले. पुढे अकोट, दर्यापूर, चिखली अशा तालुक्याच्या गावी महाविद्यालये झाली. अमरावतीत कृषी, विधी आणि १९८४ पासून भाऊसाहेबांच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय चालू झाले. या यादीतला क्रम बारकाईने पाहिला तर लक्षात येते की मुलाने शहरात यावे ही अट हळूहळू मागे पडली आणि महाविद्यालयच मुलाच्या गावाजवळ गेले.

विज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात वऱ्हाडातल्या खेड्यातला मुलगा बसला की काय होते, हे ज्यांनी तिथे शिकवले आहे त्यांना ठाऊक आहे. मराठी माध्यमातून आलेला, गणितात तल्लख मुलगा. प्राध्यापक इंग्रजीत बोलू लागतात आणि त्याची मान खाली जाते. त्याला उत्तर येत असते, उत्तराचे वाक्य येत नसते. अशा मुलाला एखादा शिक्षक संध्याकाळी खोलीवर बोलावतो, इंग्रजी वाक्याचे पदर वेगळे करून दाखवतो, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तोच मुलगा पहिल्या बाकावर सरकतो. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला ही संध्याकाळ मिळते. रोज पाचच्या गाडीने परत जाणाऱ्याला ती मिळत नाही. भाऊसाहेबांनी शाळेच्या आधी छात्रालय काढले, त्यातले शहाणपण अशा संध्याकाळी पाहिल्यावर कळते.

इंग्रजीखेरीज जगात जाण्याची दुसरीही वाट अमरावतीने दाखवली आहे, तिचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून वैद्य बंधूंच्या प्रयत्नांतून उभे राहिले, आणि १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीत देशी खेळ आणि व्यायामप्रकार सादर केले. ती मुले मल्लखांबाच्या बळावर गेली.

१९५२ नंतरची दहा वर्षे भाऊसाहेब केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला आणि या समाजाच्या पुढाकाराने १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्या प्रदर्शनाला आले होते. गावच्या शेतकऱ्याला जगाची शेती पाहता यावी म्हणून त्याला बोटीत बसवण्याऐवजी भाऊसाहेबांनी जगालाच दिल्लीत बोलावले. मुलाला दूर पाठवण्याआधी दूरची गोष्ट त्याच्या जवळ आणता येते का, हे ते आधी पाहत. छात्रालयात तेच, तालुक्याच्या महाविद्यालयांत तेच आणि प्रदर्शनातही तेच.

१० एप्रिल १९६५ रोजी भाऊसाहेब गेले. चार वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अकोल्याला त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मुलाला संशोधनाची आणि त्यातून परदेशी जाण्याची संधी देणारे ते आज सर्वांत मोठे केंद्र आहे. विद्यापीठ सरकारचे आहे, आमच्या संस्थेचे नाही. पण दोन्हींची मुळे एकाच जमिनीत आहेत.

महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी एक योजना सुरू केली. व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी परगावी राहणाऱ्या मुलाला राहण्या-जेवण्याचा खर्च म्हणून भत्ता मिळतो. सुरुवातीला मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ३०,००० आणि इतरत्र २०,००० रुपये असा दर होता. योजनेचे नाव डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. शिक्षण शुल्काच्या योजनेला त्यांचे नाव दिले असते तरी चालले असते. राहण्या-जेवण्याच्या योजनेला ते दिले गेले, हे फार बरे झाले.

आता परदेशाचे दार पूर्वीइतके बंद राहिलेले नाही. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना जगातल्या नामांकित विद्यापीठांत पाठवते. इतर प्रवर्गांसाठीही पुढे योजना आल्या. ब्रिटनची चिव्हनिंग शिष्यवृत्ती आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००४ पासून अनेक देशांत एक इंग्रजी शिष्यवृत्ती चालवली. तीत १३ ते २० वयाच्या, हलाखीतल्या घरांतल्या मुलांना शाळा सुटल्यावर दोन वर्षे इंग्रजीचे वर्ग मिळत. पैसा बाहेरचा, पण वर्गखोली, शिक्षक आणि मुले स्थानिक संस्थेची. मला ही रचना आपल्या छात्रालयाची दूरची भावकी वाटते, कारण ती दारात उभ्या असलेल्याला न शोधता वाटेवरच्या मुलाला शोधते.

आपल्या भागातही हे काम कोणीतरी हाती घेतले आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपरी खंदारे गावचे राजू केंद्रे २०२१ साली चिव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. त्यांची एकलव्य ही संस्था घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना देशातल्या आणि परदेशातल्या विद्यापीठांचे अर्ज भरण्यापासून मुलाखतीपर्यंत मदत करते. ते आमच्या संस्थेचे नाहीत, तरी हा इतिहास लिहिताना त्यांचे काम बाजूला ठेवता येत नाही.

कारण वाट अजूनही अवघडच आहे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, तरी खेड्यातल्या मुलाला ती भाषा कानावर पडत नाही. परदेशी विद्यापीठाचा अर्ज करायचा तर स्वतःबद्दल दोन पाने इंग्रजीत लिहावी लागतात. मी कोण, मला हे का शिकायचे आहे, शिकून काय करणार? आपल्याकडच्या मुलाला स्वतःबद्दल बोलायला आयुष्यात कोणी सांगितलेलेच नसते. त्याची कहाणी मोठी असते, पण ती कहाणी आहे हेच त्याला माहीत नसते. शिफारसपत्र कोणाकडे मागायचे आणि कसे, हेही अडते. इंग्रजीच्या आयईएलटीएससारख्या परीक्षेचे शुल्कच १५,००० रुपयांच्या पुढे आहे. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे नुसत्या परीक्षेला बसायला दोन क्विंटलांहून जास्त कापूस विकावा लागतो, आणि तोही हमीभाव हाती पडला तर. हवे तेवढे गुण न मिळाल्यास पुन्हा तेवढाच. मुलींची वाट त्याहून बिकट. संध्याकाळचा वर्ग सुटल्यावर गावाकडची शेवटची एसटी किती वाजता आहे, यावर मुलीचे इंग्रजी ठरते. मुलींना शाळेत नेणाऱ्या, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या बसगाड्यांनी शाळेच्या वेळा सांभाळल्या, संध्याकाळ अजून मोकळीच आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने संस्थेपुढे एक ठोस मागणी मांडतो. परदेशी शिष्यवृत्तीचा निधी नंतर काढावा. आधी अकोला, अकोट, दर्यापूर आणि चिखली इथल्या वसतिगृहांत, मुलांच्या आणि मुलींच्याही, रोज संध्याकाळी दीड तासाचा इंग्रजीचा वर्ग सुरू व्हावा. अकरावीत सुरू होऊन पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत म्हणजे तीन वर्षे तो त्याच मुलांचा असावा, कारण भाषा एका उन्हाळी शिबिरात येत नाही. पहिले वर्ष नुसते ऐकण्याचे आणि बोलण्याचे, व्याकरणाचे नंतर. गावाहून येणाऱ्या मुलींना वर्गाच्या दिवशी वसतिगृहात मुक्कामाची आणि जेवणाची सोय द्यावी. आयईएलटीएसचे शुल्क पहिल्या खेपेला संस्थेने भरावे, दुसऱ्या खेपेला माजी विद्यार्थ्यांनी. आमचे माजी विद्यार्थी आज अमेरिकेत आहेत, आखाती देशांत आहेत, पुण्या-मुंबईत तर घराघरांत आहेत. त्यांच्यातल्या प्रत्येकाने आठवड्यातून एक तास दूरध्वनीवरून एका मुलाशी इंग्रजीत बोलावे. वर्गाचा जेवणखर्च मात्र सरकारकडे किंवा कंपन्यांकडे न मागता पुन्हा गावांकडेच मागावा, धान्याच्या रूपात. ज्या गावातून धान्य येईल, त्या गावाला दरवर्षी कळवावे की तुमच्या धान्यावर कोण शिकले आणि ते आता कुठे आहे.